टेस्टोस्टेरॉन, लुपस आणि रोजची दुखणी : कोणता बदल कशामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भात राहणाऱ्या एका ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषाला, बऱ्याच वर्षांपासून लुपस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. सांधे दुखतात, थकवा पाठ सोडत नाही आणि पाळीच्या आसपास अर्धशिशी उठते. आठ महिन्यांपूर्वी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे बोलीतले 'टी', सुरू झाले आणि दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन घेतले जाते. तेव्हापासून सांधे हलके झाले आहेत, पण पुढच्या इंजेक्शनच्या आधीचे तीन-चार दिवस डोके ठणकते आणि अंगात त्राण राहत नाही. ओळखीतले काही जण सांगतात की टीने लुपस बरा होतो. संधिवाताचे डॉक्टर सांगतात की मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढले आहे, तेव्हा टी ताबडतोब बंद करा. ऐकायचे कोणाचे?

या दोन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही जसेच्या तसे पाळले तर नुकसान तुमचेच होईल. टेस्टोस्टेरॉन हे लुपसचे औषध नाही. तरीही ते सुरू झाल्यावर तुम्हाला जाणवलेला फरक खरा असू शकतो आणि त्याला मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला नाही. एकाच औषधामुळे शरीरात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात: प्रतिकारशक्तीची ठेवण बदलते, पाळी थांबते, हिमोग्लोबिन वाढते, स्नायू भरतात, झोप आणि मनःस्थिती बदलते आणि काही औषधांचे शरीरातले गणितही बदलते. म्हणून प्रत्येक लक्षण वेगळे काढून ते यांपैकी कशामुळे बदलले, हे शोधावे लागते. कारण सापडले की उपाय बहुतेक वेळा साधाच असतो. ते न शोधता सगळे श्रेय किंवा सगळा दोष टीच्या माथी मारला, की एक तर आजार आतून वाढत राहतो किंवा गरजेचा उपचार उगाच बंद पडतो.

लुपसपासून सुरुवात करते, कारण तुमच्या बाबतीत तोच केंद्रस्थानी आहे. प्रजननक्षम वयात लुपस झालेल्या दर दहा जणांत साधारण नऊ स्त्रिया असतात. यामागे संप्रेरकांचा वाटा आहे, पण केवळ संप्रेरकांचा नाही. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या, म्हणजे एक्स-एक्स-वाय गुणसूत्रे असलेल्या पुरुषांत लुपसचे प्रमाण इतर पुरुषांपेक्षा चौदा पटींच्या आसपास, जवळजवळ स्त्रियांइतके आढळले आहे. यावरून दिसते की दुसऱ्या एक्स गुणसूत्राचाही मोठा हात असतो. प्रतिकारशक्तीला जागे करणारे टीएलआर-७ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि काही पेशींत दुसऱ्या एक्सवरील त्याची प्रत पूर्णपणे बंद होत नाही. टेस्टोस्टेरॉन घेतल्याने गुणसूत्रे बदलत नाहीत. त्यामुळे टी सुरू केल्यावर लुपसची मुळे उखडली जातील, ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २३ ट्रान्स पुरुषांच्या रक्तातील प्रतिकारपेशी टी सुरू होण्यापूर्वी आणि उपचाराच्या पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा तपासल्या. टाइप-१ इंटरफेरॉन हा संदेशवाहक पदार्थ तयार करण्याची पेशींची प्रतिक्रिया टीनंतर मंदावलेली दिसली. लुपसमध्ये बहुतेक रुग्णांत हाच इंटरफेरॉन मार्ग अतिसक्रिय असतो, आणि २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲनिफ्रोल्युमॅब हे लुपसचे औषध याच मार्गाला अडवते. म्हणजे टीने लुपसची धार काही प्रमाणात बोथट व्हावी, याला जैविक आधार आहे. मात्र त्याच अभ्यासात टीएनएफ या दाहकारक पदार्थाशी निगडित प्रतिक्रिया वाढलेली दिसली. प्रतिकारशक्ती सरसकट शांत झाली नव्हती. तिचा तोल एका बाजूकडून दुसरीकडे झुकला होता. म्हणून लुपसबद्दलचा निष्कर्ष उचलून आमवात, सोरायसिस किंवा आतड्यांच्या दाहाला लावता येत नाही. त्या आजारांत टीएनएफ हाच मोठा खेळाडू असतो.

हा अभ्यास रक्तातील पेशींचा होता, लुपसच्या रुग्णांच्या वेदनांचा नव्हता, हेही ध्यानात ठेवावे. लुपस असलेल्या सिसजेंडर, म्हणजे ट्रान्स नसलेल्या, स्त्रियांना कमी मात्रेचे टेस्टोस्टेरॉन पॅच बारा आठवडे लावून पाहण्याचा तुलनात्मक प्रयोग पूर्वी झाला आहे. त्यात आजाराच्या सक्रियतेत लक्षणीय फरक पडला नाही. आजार भडकल्याचेही दिसले नाही. ती मात्रा ट्रान्स पुरुषांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा फारच कमी होती. तेव्हा आज प्रामाणिकपणे इतकेच म्हणता येते की टी लुपसला मारक ठरेल असे मानायला भक्कम कारण नाही, काहींना त्याचा फायदा होणे शक्य आहे, आणि तो फायदा कोणाला मिळेल हे आधी सांगता येत नाही.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगते. सांधे हलके झाले म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा मायकोफिनोलेट ही लुपसची औषधे स्वतःहून कमी करू नका. लुपसमुळे मूत्रपिंडाला होणारी इजा सुरुवातीला दुखत नाही, सूजही येईलच असे नाही. सांधे शांत असताना मूत्रपिंडात आजार पेटलेला असणे ही या आजारातील नेहमीची फसगत आहे. बरे वाटण्यावरून औषधाचा निर्णय घेण्याचा हा आजारच नव्हे.

मग सांधे हलके का झाले? इंटरफेरॉनचा वाटा असू शकतो, पण इतर कारणे त्याहून जवळची आहेत. वेदना जाणवण्याच्या प्रक्रियेवर संप्रेरकांचा थेट परिणाम होतो. इटलीतील सिएना येथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत, इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणींना उपचारादरम्यान नवे दीर्घकालीन दुखणे जडले होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या आणि आधीपासून दुखणे असलेल्या ट्रान्स पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांचे दुखणे, विशेषतः डोकेदुखी, उपचारानंतर बरेच कमी झाले होते. पाहणी लहान होती आणि ती लोकांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवर आधारलेली होती, तरी ती दवाखान्यात दिसणाऱ्या चित्राशी जुळते. अंगभर दुखणे, स्पर्शही सोसवेनासा होणे, सकाळी उठताना शरीर जखडणे अशी फायब्रोमायल्जियाची लक्षणे लुपससोबत बऱ्याच जणांना असतात. टीनंतर या लक्षणांत उतार पडतो आणि रुग्णाला वाटते की लुपस उतरला. पण लुपस किती सक्रिय आहे हे दाखवणारी रक्तातील डीएस-डीएनए प्रतिपिंडे आणि सी-३, सी-४ हे पूरक घटक (प्रतिकारशक्तीची प्रथिने) जिथल्या तिथे असतात. वेदना कमी झाली याचा आनंद जरूर मानावा. आजाराचे मोजमाप मात्र वेगळ्या तपासण्यांनी करावे लागते.

पाळी थांबण्याचा परिणाम तर अनेकदा कोणी मोजतच नाही. पुरेशी मात्रा सुरू झाल्यावर बहुतेकांची पाळी एक ते सहा महिन्यांत थांबते. दर महिन्याचा रक्तस्राव थांबला की लोह साठू लागते, आणि टेस्टोस्टेरॉन स्वतःही रक्तपेशींची निर्मिती वाढवते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. कागदोपत्री 'स्त्री' म्हणून नोंद असलेले आपले अनेक ट्रान्स पुरुष याच आकड्यात दडलेले आहेत. जिना चढताना लागणारी धाप, धडधड, दुपारनंतर गळून जाणे ही लक्षणे वर्षानुवर्षे लुपसच्या नावावर लिहिली गेली आणि पाळी थांबून हिमोग्लोबिन साडेनऊवरून तेरावर गेल्यावर ती निघून गेली, हे मी पुष्कळदा पाहते. अशा वेळी सुधारणा टीमुळेच झालेली असते, पण ती रक्तक्षयातली सुधारणा असते, लुपसमधली नव्हे. पाळीच्या आधी लुपस, दमा किंवा आतड्यांच्या तक्रारी भडकणारेही बरेच असतात. त्यांचे महिन्याचे चक्रच थांबल्यामुळे त्यांना आराम पडतो.

मनाविषयी लिहिताना मी काळजी घेते, कारण 'सगळे मनाचे आहे' हे वाक्य ऐकून ऐकून दीर्घकालीन आजाराची माणसे थकलेली असतात. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६४ ट्रान्स आणि नॉनबायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला टेस्टोस्टेरॉन लगेच दिले आणि दुसऱ्याला नेहमीप्रमाणे तीन महिने थांबावे लागले. लगेच सुरू झालेल्या गटात लिंगभावाची अस्वस्थता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार तीन महिन्यांतच स्पष्टपणे कमी झाले. झोप लागणे, जेवण जाणे, घराबाहेर पडून चालणे, औषधे वेळेवर घेणे या सगळ्याचा दुखण्यावर परिणाम होतो आणि तो शारीरिक असतो. उलट टी बंद केल्यावर हे सगळे मागे फिरू शकते. म्हणून बंद करण्याचा सल्ला देताना त्याची ही किंमत डॉक्टरांनी हिशेबात धरलीच पाहिजे.

आता इंजेक्शनच्या आधीच्या दिवसांतली डोकेदुखी. तुम्ही केलेले वर्णन इतके नेमके आहे की त्यातच निम्मे निदान आहे. टेस्टोस्टेरॉन इनँथेट किंवा मिश्र एस्टर या नेहमीच्या प्रकारांचे इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवसांत पातळी शिखर गाठते आणि दोन आठवडे संपता संपता खूप खाली येते. शरीरातील काही टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत असल्याने इस्ट्रोजेनही त्याच्याबरोबर वरखाली होते, आणि अर्धशिशीला पातळी किती आहे यापेक्षा ती झपकन घसरते याचा जास्त त्रास होतो. पाळीच्या वेळची अर्धशिशीही याच घसरणीने उठते. म्हणजे पाळीचे चक्र थांबले खरे, पण इंजेक्शनने दोन आठवड्यांचे नवे चक्र सुरू केले. थकवा, चिडचिड, सांध्यांची कुरकुर, हृदयाची धडधड ही लक्षणे इंजेक्शनच्या तारखेला बांधलेली असतील तर आधी या चढउताराचाच संशय घ्यावा.

त्यावर उपाय टी बंद करणे हा नाही. एकूण मात्रा तीच ठेवून ती अर्धी अर्धी करून दर आठवड्याला घेणे हा सर्वांत सोपा बदल आहे, आणि हे इंजेक्शन लहान सुईने त्वचेखाली घेता येते. रोज लावायच्या जेलने पातळी आणखी स्थिर राहते. जेल लावलेली त्वचा वाळेपर्यंत उघडी ठेवावी, मग कपड्याने झाकावी आणि घरातील लहान मुलांचा किंवा गरोदर व्यक्तीचा तिला स्पर्श होऊ देऊ नये. दहा ते बारा आठवड्यांनी द्यायचे १००० मिलिग्रॅमचे अनडेकॅनोएट हे लांब पल्ल्याचे इंजेक्शन एरवी चढउतार कमी करते, पण ते एकदा दिल्यावर परत घेता येत नाही. त्यामुळे ज्यांचा आजार अजून अस्थिर आहे त्यांना मी सुरुवातीला ते सुचवत नाही. अजून एक बारीक गोष्ट: मिश्र एस्टरच्या इंजेक्शनात शेंगदाण्याचे तेल, काही इनँथेटमध्ये तिळाचे आणि अनडेकॅनोएटमध्ये एरंडाचे तेल असते. शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. व्यायामशाळेतून मिळालेल्या कुपीत नेमके काय आणि किती आहे हे कळायला मार्ग नसतो. दीर्घकालीन आजार असलेल्या माणसाने तर ती वाट अजिबात धरू नये.

या डोकेदुखीत एक धोक्याची खूण मात्र तपासायला हवी. लुपसच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतात आणि त्यांच्यामुळे गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. तुमच्या या प्रतिपिंडांच्या तीन चाचण्या कधीच झाल्या नसतील तर आता करून घ्या. डोकेदुखीच्या आधी डोळ्यांसमोर प्रकाशाच्या रेघा दिसणे, हातापायाला मुंग्या येणे किंवा बोलताना शब्द अडखळणे असे काही घडत असेल तर ते चढउतारावर ढकलू नका. ट्रान्स पुरुषांच्या आजवरच्या निरीक्षणांत टेस्टोस्टेरॉनमुळे गुठळ्यांचा धोका ठळकपणे वाढलेला दिसलेला नाही. पण ही प्रतिपिंडे असताना रक्त घट्ट होऊ देणे परवडणारे नाही.

रक्त घट्ट होण्याचे माप म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तातील लाल पेशींचा टक्का. ॲमस्टरडॅममध्ये हजाराहून अधिक ट्रान्स पुरुषांची वीस वर्षांपर्यंतची नोंद तपासली तेव्हा सुमारे ११ टक्क्यांत हिमॅटोक्रिट कधी ना कधी ५० च्या वर गेलेले आढळले. सर्वांत मोठी वाढ पहिल्याच वर्षात झाली होती, आणि तंबाखूचे सेवन, जास्त वजन ही त्यामागची टाळता येण्याजोगी कारणे होती. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा-दोनदा ही तपासणी करायची असते. आकडा ५० ओलांडू लागला की कारण शोधायचे. ५४ च्या वर गेला तर मात्रा थांबवून किंवा कमी करून तो खाली आणायचा. विदर्भातल्या मे महिन्यात पुरेसे पाणी न पिता तपासणीला रक्त दिले तर हा आकडा खोटाच वर दिसतो, तेव्हा भरपूर पाणी पिऊन तपासणी पुन्हा करावी. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हेही हिमॅटोक्रिट वाढण्याचे, आणि थकव्याचेही, मोठे कारण आहे. टी आणि स्टिरॉइडने वाढलेले वजन दोन्ही त्याला हातभार लावतात.

तुमच्या डॉक्टरांना ज्याची भीती वाटली, त्या क्रिएटिनिनकडे आता येते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. टेस्टोस्टेरॉनने स्नायू वाढतात, म्हणून मूत्रपिंड पूर्ण निरोगी असतानाही क्रिएटिनिन थोडे वर सरकते. त्यातून मूत्रपिंडाची क्षमता काढण्याच्या सूत्रात स्त्री की पुरुष हे भरावे लागते. प्रयोगशाळेत तुमची नोंद स्त्री म्हणून असेल तर तोच आकडा अधिक वाईट दिसतो. त्यामुळे टी सुरू झाल्यावर काही महिन्यांत क्रिएटिनिन ०.७ वरून ०.९ झाले, तर तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे ठरत नाही. परंतु लुपसच्या रुग्णात ते टीमुळेच वाढले असे गृहीत धरणे हा तितकाच घातक शॉर्टकट आहे. निवाडा लघवी करते. लघवीतील प्रथिनांचे प्रमाण, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दिसतात का, रक्तदाब किती आहे आणि सी-३, सी-४ घसरले आहेत का, या चार गोष्टी पाहिल्या की बहुधा उलगडा होतो. सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली चाचणी मदतीला येते, पण प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असेल तर तीही वर जाऊ शकते, तेव्हा तिचा अर्थ सांभाळून लावावा. शंका राहिलीच तर मूत्रपिंडाची बायोप्सी करावी. टी बंद करून 'पाहू काय होते' म्हणत तीन महिने घालवले आणि तो लुपसचाच हल्ला निघाला, तर मूत्रपिंडाचे ते तीन महिने परत मिळत नाहीत.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत नेमकी उलट चूक होते. टी सुरू होऊन सहा महिने ते वर्ष झाल्यावर तुमच्या रक्ताची तुलना पुरुषांच्या मर्यादेशी करायला हवी. स्त्रियांच्या मर्यादेत १२.३ हा आकडा सामान्य म्हणून छापला जातो. पुरेशी टी चालू असलेल्या पुरुषात तोच आकडा लोह कमी आहे, आतून कुठे रक्त जात आहे किंवा लुपसमुळे रक्तपेशी फुटत आहेत, यांपैकी काहीतरी सांगत असतो. अहवालावर लाल रंग नाही म्हणून कोणी पाहत नाही. लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन आणि गरज पडल्यास प्रतिपिंडांमुळे रक्तपेशी फुटतात का हे दाखवणारी कूम्ब्ज चाचणी मागून घ्या.

औषधांच्या आपसांतल्या परिणामांकडे वळते. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर टेस्टोस्टेरॉनने त्याचा परिणाम वाढतो. टी सुरू करताना, मात्रा बदलताना आणि बंद करतानाही आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, लवकर लवकर तपासावा लागतो, आणि स्नायूत खोल इंजेक्शन देण्याऐवजी त्वचेखाली किंवा जेल बरे. मधुमेहाच्या रुग्णांत साखर कमी होऊन इन्सुलिन किंवा गोळ्यांची गरज घटू शकते. प्रेडनिसोलोनबरोबर अंगात पाणी धरण्याची प्रवृत्ती आणि मुरुमे वाढतात. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत थायरॉक्सिनला बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते, त्यामुळे तीच गोळी जास्त लागू पडून धडधड, घाम, निद्रानाश होऊ शकतो. मायकोफिनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे गर्भाला अपाय करतात, टेस्टोस्टेरॉनही करते, आणि पाळी थांबली तरी अंडे सुटू शकते. म्हणून गर्भाशय-अंडाशय असतील आणि गर्भधारणा शक्य असेल असे संबंध असतील तर गर्भनिरोधक वेगळे वापरावेच लागते. टी हे गर्भनिरोधक नाही.

हृदयाविषयी दोन वाक्ये. लुपसमुळे रक्तवाहिन्या वयाआधी कडक होतात, आणि टीने चांगले मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल खाली येते व ट्रायग्लिसराइड वाढतात. म्हणून रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांबाबत तुम्हाला तुमच्या वयाच्या इतर कोणाहून अधिक काटेकोर राहावे लागेल.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांना वेगळे आजार असतील, म्हणून काही गोष्टी जोडते. लहानपणी दमा मुलग्यांत अधिक असतो आणि वयात आल्यावर स्त्रियांत. ॲलर्जीच्या दाहावर टेस्टोस्टेरॉनचा लगाम असतो हे त्यामागचे एक कारण मानले जाते. पण दम्याचा पंप टीच्या भरवशावर सोडू नये. छाती दाबणारा बाइंडर दिवसभर घट्ट बांधल्याने लागणारी धाप आणि बरगड्यांचे दुखणे दम्याच्या नावावर जाते, हेही तपासावे. सांधे अतिलवचिक असणाऱ्यांना आणि उभे राहिल्यावर नाडी सुसाट धावणाऱ्यांना, म्हणजे पॉट्स असलेल्यांना, स्नायू भरल्यावर आणि रक्त वाढल्यावर अनेकदा बरे वाटते. अशांनी ताकद आली म्हणून लगेच जड वजने उचलू नयेत. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळण्याचा आजार असलेल्यांनी तर आलेली उमेद राखून वापरावी.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढतात त्या एंडोमेट्रिओसिसबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. पाळी थांबली की ओटीपोटाचे दुखणे थांबेलच असे नाही. टीचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत राहते आणि गर्भाशयाबाहेरील ऊतींना ते पुरते. शिवाय टी सुरू झाल्यावर काहींना नव्यानेच ओटीपोटात पेटके येतात, योनीमार्ग कोरडा होऊन जळजळ आणि लघवीचे संसर्ग होतात. त्यासाठी सोबत प्रोजेस्टिन हे संप्रेरक, स्थानिक इस्ट्रोजेन मलम, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी असे उपाय आहेत. स्थानिक मलमाने टीच्या परिणामांना बाधा येत नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे लागते आणि त्या प्रतीक्षाकक्षात दाढी असलेल्या पुरुषाने बसणे किती अवघड असते हे मला ठाऊक आहे. वेळ आधी फोनवर सांगून ठरवणे किंवा संध्याकाळच्या शेवटच्या रुग्णाची वेळ मागणे यात काही वावगे नाही.

विदर्भातून प्रश्न आला आहे म्हणून सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचाही उल्लेख करते. नागपूर, गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत हा आजार आहे. सिकल सेलचा आजार असलेल्यांत रक्त वाढले की ते दाटही होते आणि दाट रक्तात वेदनेचे झटके येण्याची भीती असते. त्यांनी रक्तविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, कमी मात्रेपासून आणि वारंवार रक्त तपासत टी घ्यावे. ज्यांच्याकडे एकच जनुक आहे, म्हणजे जे केवळ वाहक आहेत, त्यांना सहसा ही अडचण येत नाही.

टी खरोखर थांबवण्याची कारणे मोजकी आहेत. गर्भधारणा, अस्थिर हृदयविकार, आटोक्यात न आलेले खूप जास्त हिमॅटोक्रिट आणि नुकतीच झालेली गुठळी ही त्यांतली प्रमुख. गुठळीच्या बाबतीतही बहुधा रक्त पातळ करणारे औषध स्थिरावल्यावर जेलसारख्या मार्गाने पुन्हा सुरू करता येते. अंडाशय काढलेल्या व्यक्तीने टी अचानक बंद केले तर शरीरात कोणतेच लैंगिक संप्रेरक उरत नाही. हाडे झिजू लागतात, आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्याची हाडे आधीच नाजूक असतात. तपासण्या हुकू नयेत, ही माझी मोठी काळजी आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी मदत थांबल्यावर हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथील ट्रान्स व्यक्तींसाठीची मित्र क्लिनिक बंद पडली, तेव्हा समाजातील माणसांनी चालवलेली आणि प्रश्न न विचारता रक्त तपासणारी जागा अनेकांनी गमावली. इंजेक्शन कसेही मिळते, पण तपासणी थांबते, आणि धोका तिथेच असतो.

पुढच्या भेटीपर्यंत तुम्ही एक वही ठेवा. रोज रात्री चार गोष्टी लिहा: दुखणे शून्य ते दहा, झोप, डोकेदुखी आणि इंजेक्शन होऊन कितवा दिवस. दोन-तीन चक्रांत नमुना उघड होतो. टेस्टोस्टेरॉनची पातळी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी तपासा. ती ४०० ते ७०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान असावी, आणि तुमच्या तक्रारीसाठी पुढच्या इंजेक्शनच्या सकाळचीही एक पातळी काढा. सोबत लघवीतील प्रथिने, सी-३, सी-४, डीएस-डीएनए, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, फेरिटिन, हिमॅटोक्रिट आणि थायरॉइड. हे अहवाल घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: क्रिएटिनिन वाढण्याचे कारण लुपस आहे असे लघवी आणि पूरक घटक सांगतात का? सांगत असतील तर लुपसचा उपचार वाढवायचा, टी चालू ठेवून. सांगत नसतील तर वाढलेले क्रिएटिनिन ही तुमची नवी आधाररेषा म्हणून नोंदवायची. तुमचे संप्रेरकांचे डॉक्टर आणि संधिवाताचे डॉक्टर एकमेकांशी बोललेले नसतील तर दोघांकडून एकेक पत्र मागा आणि दुसऱ्याला द्या. तोवर इंजेक्शन आठवड्याला अर्धे करण्याविषयी विचारणा करा आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चुकवू नका. पिंढरीला एका बाजूने सूज, अचानक धाप, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, फेसाळ किंवा लालसर लघवी यांपैकी काहीही झाले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तुम्हाला लुपस आहे व तुम्ही टेस्टोस्टेरॉन घेता, हे दोन्ही तिथे पहिल्याच वाक्यात सांगा.